यॉर्कचा ट्यूबा आणि मेरठचा बाजा

लग्नसराईत वऱ्हाडातल्या लोणारच्या गल्ल्यांतून नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो, तेव्हा घोड्यापुढे चालणाऱ्या बँडमध्ये एक जाडजूड पितळी वाद्य हमखास दिसते. तोंड आभाळाकडे, अंग नळीच्या वेटोळ्यांचे, वर तीन खटके, आणि लहान मूल पोटाशी धरावे तसे वाजवणाऱ्याने ते धरलेले. बघणाऱ्यांच्या लेखी तो नुसता मोठा बाजा असतो. त्याचे मूळ नाव युफोनियम. त्याची नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरते. त्याच घराण्यातले थोरले वाद्य म्हणजे ट्यूबा. त्याची नळी बारा ते अठरा फुटांची, आवाज युफोनियमच्याही खूप खालचा. तो मात्र वरातीत क्वचितच भेटतो. इकडे ही स्थिती असताना पाश्चात्त्य देशांतले ट्यूबा बनवणारे कारखाने गेली काही दशके १९३३च्या सुमारास अमेरिकेत घडलेल्या एका ट्यूबाच्या नव्या आवृत्त्या काढत आहेत, आणि कोणती आवृत्ती मूळ वाद्याच्या अधिक जवळ जाते यावर वादकांमध्ये गंभीर चर्चा चालते. मेरठमध्ये तर शंभर वर्षांहून अधिक काळ इंग्रजी नमुन्यांवरून बाजे घडत आले आहेत आणि तेच देशभरातल्या वरातींत वाजतात. पहिल्या कामाला वारशाचे पुनरुज्जीवन म्हणतात, दुसऱ्याला स्वस्त नक्कल. ही विभागणी मला मान्य नाही. जुन्या वाद्यातले काय उचलायचे आणि काय सोडून द्यायचे, हे दोन्ही ठिकाणी संगीताच्या गरजेने ठरले. कारागिराच्या कौशल्याचा प्रश्न त्यानंतरचा. या दोन वाद्यांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला की हे स्पष्ट होते.

ट्यूबा हे वाद्य फार जुने नाही. लॅटिनमध्ये हा शब्द रोमन सैन्याच्या सरळ, लांब रणशिंगासाठी होता. आपल्या तुतारीशी आणि कर्ण्याशी नाते सांगणारे ते वाद्य. आजचा ट्यूबा मात्र १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये जन्मला. प्रशियाच्या लष्करी बँडचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी त्या दिवशी पाच खटक्यांच्या ‘बास ट्यूबा’चे पेटंट घेतले. लष्करी बँडला मोकळ्या मैदानावर ऐकू जाईल असा भक्कम खालचा सूर हवा होता, आणि तोवर वापरात असलेली सर्पेंट व ऑफिक्लाइड ही भोकांची वाद्ये त्याला पुरी पडत नव्हती. खटका दाबला की हवेच्या वाटेत नळीचा एक जादा तुकडा जोडला जातो आणि सूर खाली उतरतो, ही युक्ती तेव्हा नवीच होती. १८४३च्या सुमारास जर्मनीतच युफोनियम आले, आणि त्याच दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्सने सॅक्सहॉर्नचे अख्खे कुटुंब उभे केले. म्हणजे ज्यांना आपण आज ‘जुने, अभिजात नमुने’ म्हणतो ती वाद्ये एकाच पिढीत, एका नेमक्या कामासाठी, झपाट्याने बदलत बदलत तयार झाली. कोणताही नमुना पवित्र आहे असे ती घडवणाऱ्यांना वाटत नव्हते.

ही वाद्ये आपल्याकडे आली ती फौजेबरोबर. इथे वऱ्हाडचा संबंध थेट येतो. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. मेहकर आणि लोणार परिसरातला शेतसारा त्या तारखेपासून या हिशोबात मोजला जाऊ लागला. कंटिन्जंटच्या छावण्या हिंगोली, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी होत्या, आणि त्यातली हिंगोली लोणारहून फार लांब नाही. पलटण म्हटली की कवायत आली, कवायतीबरोबर बिगूल आणि ड्रम आले, आणि त्यांच्यामागून पितळी बँड. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी इथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाच्या संचलनात जमलेल्या इंग्रजी पलटणींच्या बँडनी राष्ट्रगीत वेगवेगळ्या पट्ट्यांत एकाच वेळी वाजवले, आणि झालेल्या गोंगाटाने सगळ्यांची नाचक्की झाली. त्यातून १८५७च्या मार्चमध्ये लंडनजवळ नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा निघाली. वाद्ये एका मापाची, एका पट्टीची असावीत हा आग्रह पुढे साम्राज्यभर पोहोचला. शाळा निघाल्यावर दोनच महिन्यांनी मेरठच्या छावणीत जे बंड पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच छावणीने मेरठला पुढे बाज्यांचे गाव बनवले, हे तितकेसे सांगितले जात नाही.

नादिर अली हे फौजी बँडमध्ये काम केलेले गृहस्थ. त्यांनी १८८५ साली मेरठमध्ये स्वतःचा बँड काढला, आणि १९११च्या सुमारास त्यांच्या कंपनीने वाद्ये घडवायला सुरुवात केली. जाली कोठी नावाच्या मोहल्ल्यात हळूहळू हा धंदा पसरला: कुणी नळी वाकवणारा, कुणी कर्णा ठोकणारा, कुणी खटक्यांचे काम करणारा, कुणी झाळणारा, कुणी पॉलिश करणारा. पितळी पत्रा कापून त्याची कड झाळायची, लोखंडी साच्यावर ठोकून त्याला कर्ण्याचा आकार द्यायचा, नळी वाकवताना ती दबू नये म्हणून आत राळ किंवा शिसे ओतायचे आणि नंतर वितळवून काढायचे, हे काम हाताने चालते. दुसऱ्या महायुद्धात मेरठने सैन्याला बिगूल पुरवले. विलायती माल महाग होता, आणि युद्धकाळात तो मिळणेही अवघड झाले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, संस्थानांचे बँड मोडले, आणि गावोगावच्या लग्नाच्या बँडला परवडेल असे वाद्य देणारे मेरठ हे एकच मोठे ठिकाण उरले.

महाराष्ट्रात या वाद्यांना आणखीही वाटा होत्या. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या बँडमध्ये, पोलिसांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मुंबईत फुर्तादो यांचे वाद्यांचे दुकान १८६५पासून होते. पुण्यात गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभातसारखे ब्रास बँड मानाने वाजू लागले. विदर्भ-मराठवाड्याच्या गावांत मात्र बाजा प्रामुख्याने आला तो वाजंत्र्यांच्या घरांत, म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून सनई, डफडे आणि संबळ होता अशा मातंग व अन्य समाजांच्या घरांत. त्यांना कोणी नेलर हॉलला धाडले नव्हते. त्यांनी बाजा हातात घेतला आणि त्यावर सनईचे काम केले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, आणि तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. आधी सुरुवातीला सांगितलेल्या त्या अमेरिकी ट्यूबाकडे जाऊ.

मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी यॉर्क नावाची बँडवाद्यांची कंपनी होती. १९३३च्या सुमारास तिने दोन प्रचंड ट्यूबा घडवले. मागणी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून आलेली. त्यांचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की मुळात ऑर्गनवादक, आणि त्यांना वाद्यवृंदाच्या तळाशी ऑर्गनसारखा भरीव सूर हवा होता. त्यांचा ट्यूबावादक फिलिप डोनाटेली अंगाने स्थूल होता, आणि हे भले मोठे वाद्य त्याच्या हातांत नीट बसेना. त्याने ते आपल्या विद्यार्थ्याला, आर्नल्ड जेकब्सला, १७५ डॉलरना विकले. विद्यार्थ्याने आठवड्याला पाच-पाच डॉलर देऊन ते फेडले. जेकब्स १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षे शिकागो सिम्फनीत वाजवत राहिला. त्याला दम्याचा त्रास होता, श्वासाचा साठा इतर वादकांपेक्षा कमी होता, आणि श्वासाच्या अभ्यासात त्याने आयुष्य घातले. कमी दमात मोठा सूर उभा राहतो हा त्या वाद्याचा गुण त्याला लाभला, आणि शिकागोच्या पितळी वाद्यांच्या ध्वनिमुद्रिकांमधून तो सूर जगभर पोहोचला. दुसरा यॉर्कही कालांतराने जेकब्सकडे आला. दोन्ही आज शिकागो सिम्फनीच्या मालकीचे आहेत.

यॉर्क कंपनी मात्र टिकली नाही. मागणी होती, वाद्ये दोनच, आणि बनवणारा नाहीसा झालेला. अशा स्थितीत नकला होणारच. स्वित्झर्लंडमधल्या सुमिस्वाल्ड गावच्या हिर्सब्रुनर या घराण्याने मूळ वाद्याची मापे घेऊन ‘एचबी-५०’ काढला. यामाहाने ‘वायसीबी-८२६’ काढला. वादक त्याला आपसांत ‘यामायॉर्क’ म्हणतात. पुढे ईस्टमनचा ‘८३६’ आला, वेसेक्सचा आला. हे दोन्ही चीनमध्ये घडतात आणि त्यांची किंमत पहिल्या दोघांच्या मानाने बरीच कमी असते. चार पिस्टन आणि पाचवा फिरता खटका, रुंद कर्णा, नळीच्या पोटाचा तोच फुगवटा, अशी या सगळ्यांची ठेवण यॉर्ककडून घेतलेली. पण एकही नक्कल जशीच्या तशी नाही, आणि खरे तर कुणाला ती तशी नकोही होती. जुन्या वाद्यात काही सूर कलते असतात आणि जेकब्ससारखा वादक ते ओठांनी सावरून घेतो. गिऱ्हाईकाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून तोंडाजवळच्या नळीची जाडी, खटक्यांची मांडणी, सूर जुळवण्याच्या सरकत्या नळ्या, यांत प्रत्येकाने फेरफार केले. यॉर्कचा रंग ठेवायचा आणि यॉर्कच्या खोडी काढायच्या, असा हा खटाटोप आहे. यांत डावे-उजवे करायचे तर कसोटी एकच: मोठ्या वाद्यवृंदात, मंद वाजवताना, हा सूर बाकीच्यांच्या खाली जाऊन बसतो का? बर्लिनच्या मैदानाची गरज वेगळी होती, शिकागोच्या बंदिस्त सभागृहाची वेगळी, आणि यॉर्कची प्रत्येक नवी आवृत्ती त्या दुसऱ्या गरजेला उत्तर देते.

आता हाच प्रश्न वरातीला विचारावा. जे खालचे सूर ट्यूबा देतो ते युरोपीय संगीतात हार्मनीचा पाया असतात. वरच्या सुरावटीला अर्थ त्या पायावरून येतो. आपल्या वरातीच्या बँडमध्ये हार्मनी नाही. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम सगळे एकच चाल वाजवतात, कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या, प्रत्येक जण आपापल्या हरकतीसह. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीनेची धून घ्या. आजही वरातीत ती वाजली की पोरे जमिनीवर लोळण घेतात. त्या धुनीला खालून आधार देणाऱ्या सुरावटीची गरजच नाही. तिला हवी गमक, आणि तिच्याखाली हवा ठेका. ठेका ढोल-ताशाकडून मिळतो. मग अठरा फूट पितळ कशासाठी? मेरठने ट्यूबा वगळून युफोनियम उचलला तो याच कारणाने. पुरुषी आवाजाच्या पट्टीत, सनईसारखी चाल गाणारे वाद्य आपल्याला हवे होते. जिथे थोरले वाद्य उरले तिथेही ते खांद्यावर वेढून घेण्याच्या सूझाफोनच्या रूपात, पुष्कळदा केवळ शोभेला उरले. शोभा हाही उपयोगच म्हणायचा: भलामोठा चकचकीत कर्णा रांगेत दिसला की यजमानाची ऐपत दिसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वादकच घेतात. मेरठचा बाजा बेसूर असतो, पत्रा पातळ, खटके अडखळतात. त्याची तुलना हिर्सब्रुनरशी कशी करता? दर्जातला फरक खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण त्या बेसूरपणाचे एक कारण तांत्रिक आहे, ते समजून घ्यायला हवे. तीन खटक्यांच्या वाद्यात दोन-तीन खटके एकत्र दाबले की जोडलेली नळी हिशोबाने थोडी अपुरी पडते आणि सूर चढा लागतो. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकलीने १८७४ साली यावर तोडगा काढला: खटके एकत्र दाबले की हवा पुन्हा एकदा छोट्या जादा नळ्यांतून फिरते. हा तोडगा खर्चिक आहे, वजन वाढवणारा आहे, आणि मेरठने साधा तीन खटक्यांचा नमुनाच धरून ठेवला. ज्या संगीतात एका वेळी एकच सूर वाजतो आणि त्याच्या शेजारी दुसरा सूर तपासायला उभा नसतो, तिथे हा दोष फारसा बोचत नाही. त्या पैशात कुटुंबाला आणखी एक बाजा घेता येतो. हिर्सब्रुनरने यॉर्कचे दोष काढले, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ते ऐकू येत होते. मेरठच्या गिऱ्हाइकाची तक्रार आवाज लांब जात नाही अशी असती तर तीही ऐकली गेली असती. आवाज मात्र लांब जातो.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. जुन्या वाद्याची नक्कल करायची तर तंतोतंत करा, फेरफार केले की तो वारसा उरत नाही. याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्रजी बँडवाद्ये आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत होती. आज मध्य सप्तकातला ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात, तेव्हा तो सुमारे ४५२ असे. इंग्रजी फौजेने १९२०च्या दशकाच्या अखेरीस पट्टी उतरवली, तिथल्या नागरी ब्रास बँडनी मात्र १९६०च्या दशकापर्यंत चढी पट्टी सोडली नाही. त्या काळातल्या युफोनियमची मिलिमीटर न चुकवता नक्कल केली तर तो आजच्या हार्मोनियमबरोबर किंवा कीबोर्डबरोबर वाजूच शकणार नाही. तंतोतंत नक्कल संग्रहालयाच्या कपाटात शोभेल. ज्याला वाजवायचे आहे त्याला निवड करावीच लागते, आणि ती निवड करताना तो आपल्या काळाच्या संगीताला शरण जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. वरातीला खालच्या सुराची गरज नव्हती म्हणता, मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीजे कसा घुसला? मेहकर-लोणारच्या रस्त्यावर आज छाती हादरवतो तो बासच ना? स्वतः बँडवाल्यांनीही गाडीवर कीबोर्ड, गायक आणि भोंगे चढवले आहेत. हे सारे खरे आहे, आणि त्याने माझे म्हणणे थोडे दुरुस्त होते. ऐकणाऱ्याला खालच्या आवाजाची भूक होती. पण डीजेचा बास पायाला हलवतो. तो ठेक्याचा बास आहे, ढोलाचाच वाढवलेला अवतार. त्याची जागा ट्यूबा घेऊ शकला नसता, कारण ट्यूबाचा सूर टिकून राहतो, तो ठोका देत नाही. म्हणून भोंग्यांनी ढोलाला झाकोळले आणि मग युफोनियमलाही, कारण त्या गदारोळात चाल गाणारे पितळ ऐकू येणेच बंद झाले. दोन हजार सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगे बंद करायला लावले, पण दहाच्या आधी बाज्याला त्याची जागा परत मिळवून द्यायला कोणताही नियम पुरेसा नाही. गरज बदलली की वाद्य मागे पडते, हा नियम मेरठलाही लागू आहे, आणि त्यात हळहळण्यासारखे पुष्कळ आहे. एका बँडमागे दहा-पंधरा घरे जगत होती.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारला येते. पताका, वीणा, टाळ आणि मृदंगाच्या त्या मेळ्यात कोणत्या काळी कोणते वाद्य सामील झाले आणि कोणते गळाले, याची नोंद संस्थानांच्या आणि दिंड्यांच्या आठवणीत कुठेतरी असते. लग्नाच्या बँडची तशी नोंद नाही. शिकागोचे दोन यॉर्क कुणी कधी घडवले, कुणाला किती डॉलरना विकले, हप्ता केवढा होता, सगळे लिहिलेले आहे. म्हणून अनेक दशकांनी त्यांची नवी आवृत्ती काढणे शक्य झाले. आपल्याकडे बाजा फुटला की तो मोडीत जातो आणि पितळेच्या भावाने तोलला जातो. त्याच्या कर्ण्यावर कोरलेले कारखान्याचे नाव, अनुक्रमांक, गाव, कधीकधी मालकाच्या बँडचे नाव, हे सगळे भट्टीत जाते. एखाद्या वाजंत्री घराण्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळचा बाजा असेल तर तो विकण्याआधी एवढे करावे: कर्ण्याचा व्यास मोजावा, प्रत्येक खटक्याच्या नळीची लांबी मोजावी, तोंडाजवळच्या नळीचे आतले माप घ्यावे, कोरलेली अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत, आणि एकही खटका न दाबता निघणारा सूर हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर, किती वर किंवा किती खाली लागतो तेही लिहून ठेवावे. हार्मोनियम गावातल्या भजनी मंडळाकडे असते, आणि मोजपट्टी तर शाळेतही मिळेल.